मागचं शीट

पाटोद्याच्या दूध संघापुढं केशरबाई किटली घेऊन रांगेत उभी होती. पावसानं पाठ फिरवल्यापासून म्हशी आटल्या होत्या, रांग मात्र आटली नव्हती. तिच्या मागं एक नवराबायको जुन्या स्कूटरला टेकून बोलत होते. केशरबाईनं मान वळवली नाही. कान तेवढे तिकडं ठेवले.

"घाटात एका कॅनला बी दम टाकती ही. इंजिनच बदलावं म्हनतो."

"नवं?"

"नवं कुठलं. भंगारातल्या रिक्षाचं. थोडं कापून, पट्टी जोडून बसवतो म्हनला मिस्तरी."

"पळंल का तसलं?"

"पळायचं न्हाईच तिला, वढायचं हाय. घाटाखालच्या वाडीत अजून इहिरीला पानी हाय, दूध हाय. रोज दोन कॅन आनले तर भागंल आपलं."

"दुसरा कॅन कुठं ठिवनार?"

"मागचं शीट काढतो."

"काढा. मी तर दसरा झाला की उसतोडीला. पर तोडीत कोयता म्हंजी नवराबायकोची जोडी. तुमी हितं दूध वाहिलं तर माझ्यासंगं फडात कोन?"

"मुकादमानं बी तेच इचारलं."

"मग काय म्हनलात त्याला?"

"औंदा आमी दोघं बी येत न्हाई."

"कवा?"

"मागल्या बाजारी."

"आन मला कवा सांगनार हुतात?"

"इंजिन चालू झाल्यावर."

रांग पुढं सरकली. केशरबाई जागची हलली नाही.

"आवो."

"काय?"

"मग माझं मागचं शीट कशाला काढायलात?"