सोमवारची स्प्रिंग

(दानाव गाव. नोय आन्सेल्मोचं बंदुका दुरुस्तीचं दुकान. फिदेला चकमकीत मेलेल्या पोलीस नवऱ्याचं, हेनेरचं, पिस्तूल घेऊन आली आहे. ती त्याला 'नोय' म्हणजे दादा म्हणते, तो तिला 'दाय' म्हणजे पोरी.)

फिदेला : कॉफी नको, नोय. आधी ते उघडा.

आन्सेल्मो : बस तरी, दाय. कालच नवव्या दिवसाची प्रार्थना झाली. डोळे बघ किती सुजलेत.

फिदेला : संतापाने सुजलेत. काल ठाणेदार माझ्याच अंगणात, माझीच माडी ढोसून काय बोलला? "हेनेर नेमबाज होता, पण पत्र्याच्या पाट्यांपुरता. समोर माणूस आला आणि हात गळाले."

आन्सेल्मो : प्यायलेल्याचं तोंड ते. मनावर घेऊ नकोस.

फिदेला : चौकशीत शुद्धीत होता ना? तिथेही हेच बोलला. मासळीबाजारात एक बार काढला म्हणे, आणि मग भुतासारखा उभा राहिला. समोरच्या दोघा गुंडांनी चाळणी केली त्याची. आता शाळेत माझ्या पोराला सगळे "भित्र्याचं पिल्लू" म्हणतात. आणि हेनेरने जिंकलेले चषक कुणाच्या टेबलावर आहेत? त्याच ठाणेदाराच्या!

आन्सेल्मो : कुणी पाहिलं का, नक्की काय झालं?

फिदेला : बर्फवाल्याने पाहिलं. हेनेर पुन्हा पुन्हा चाप ओढत होता म्हणे, पण बार निघतच नव्हता. पिस्तूल तुम्ही बांधलेलं. का अडकलं, तेवढं सांगा.

आन्सेल्मो : ...माझ्यामुळे.

फिदेला : काय?

आन्सेल्मो : रविवारच्या स्पर्धेसाठी शनिवारी मऊ स्प्रिंग घालून देतो मी, आणि सोमवारी कामावर जायच्या आधी कडक. त्या सोमवारी घाईत भलतीच घातली. चल, ठाण्यात येऊन सांगतो.

फिदेला : द्या इकडे. ...ही तर कडकच आहे. कडक स्प्रिंगवर तुम्ही लावता तो निळा ठिपका आहे.

आन्सेल्मो : दाय, तुला त्यातलं...

फिदेला : लग्न झाल्यापासून काडतुसं भरतेय मी, मला शिकवू नका! आणि मॅगझिनमधल्या गोळ्या खिशात कशाला घालताय?

आन्सेल्मो : ओल लागलीय त्यांना. टाकून देतो.

फिदेला : काढा बाहेर. पक्कड कुठंय?

आन्सेल्मो : नको फोडूस गं! कारखान्यातल्या आहेत, बुडावरचा शिक्का बघ.

फिदेला : शिक्का पुंगळीवर असतो, नोय. पुंगळ्या त्याने उडवायच्या, मी वेचायच्या आणि मीच परत भरायच्या. ...ही बघा दारू. चिमूटभर.

आन्सेल्मो : झाक ते.

फिदेला : ही माझी रविवारची. धक्का बसू नये, नेम हलू नये म्हणून हलकी भरलेली.

आन्सेल्मो : मऊ स्प्रिंगला पुरते ती. कडक स्प्रिंग तिला रेटवत नाही. पिस्तुलाची वरची स्लाइड अर्ध्यातूनच परत फिरते आणि रिकामी पुंगळी मध्येच अडकते.

फिदेला : रविवारच्या गोळ्यांचा डबा भरला होता. कारखान्याचं एक रिकामं खोकं होतं, फेकवेना. उरलेल्या त्यात ठेवल्या. सोमवारी तो भात खात होता, मी मॅगझिन भरलं. त्याच खोक्यातून, कारखान्याच्या समजून.

आन्सेल्मो : अशी खोकी गावात घरोघरी आहेत. माझ्याकडेही आहेत.

फिदेला : ठाणेदाराकडे नाहीत! कामाचं पिस्तूल वेगळं, खेळायचं वेगळं, मिरवायचं वेगळं. माझ्या माणसाकडे सगळ्याला मिळून हे एकच.

आन्सेल्मो : ऐक माझं. स्प्रिंग चुकली, बस. मी एकटा जीव. दुकान बंद पाडतील तर पाडू देत. पोराचा बाप गेलाय, आता आईही कशाला घालवतेस?

फिदेला : ठाणेदार ते निळं टिंब बघेल आणि तुम्हाला खोटं पाडेल. मग हेनेर पुन्हा भित्राच.

आन्सेल्मो : आणि पोराला काय सांगशील?

फिदेला : बापाबद्दलचं खोटं रोज ऐकतोय तो. आईबद्दलचं खरं एकदा ऐकेल.

आन्सेल्मो : तुझ्यावर विश्वास कोण ठेवणार? त्याची रांडमुंड बायको म्हणतील, नवऱ्याची लाज झाकायला आलीय.

फिदेला : म्हणून तर स्प्रिंग हीच राहू द्या आणि उरलेल्या गोळ्याही ह्याच. ठाण्यामागच्या मैदानात सगळ्यांसमोर झाडून दाखवते.

आन्सेल्मो : बाईचा हात लुळा पडला म्हणतील.

फिदेला : मग ठाणेदाराच्याच हातात देईन. झाड म्हणावं. मर्दाचा हात आहे ना?

आन्सेल्मो : पहिला बार निघेल. दुसऱ्याला अडकेल. मग तो वळून विचारेल, ह्या भरल्या कुणी?

फिदेला : विचारू दे. पोराला मी शेजारीच उभं करणार आहे.