बोडकी रुळली त्याची गोष्ट

...आन वर मलाच म्हणत्यात, "जावयबापू, मन लय हळवं हाय तुमचं!" हळवं? आवं, डोळ्यांदेखत माझ्या कोंबडीचं डोकं सोलून काढलंय, रगत वघळतंय, आन सासूबाई पायरीवर बसून लसूण निवडत म्हणत्यात, "काय न्हाई वो... रुळंल!"

तुमास्नी सांगतो, मी मूळचा वाईचा. सांगलीकडच्या कुंडल गावात आलो घरजावई मनून. सासऱ्यांना दोन पोरीच, त्यातली थोरली स्वप्नाली माझ्या गळ्यात... न्हाई, न्हाई, मी तिच्या गळ्यात! द्राक्षबाग सासऱ्यांची, गाडी सासऱ्यांची, मी पाणी पितो त्या तांब्यावर बी सासऱ्यांचंच नाव कोरलेलं. मग मनात आलं, ह्या घरात आपलं मनून कायतरी पायजे का नको? गेलो इस्लामपूरच्या बाजारात आन आणल्या तीन कोंबड्या. तांबड्या, गुबगुबीत, गरीब तोंडाच्या. माझ्या!

सासूबाई दारातच आडव्या. "थांबा! नवी कोंबडी चुलीभवती फिरवल्याबिगर घरात घ्यायची न्हाई. घर सोडून जाती." आता चूल कुठनं आणू? चूल मोडून ग्रॅनाईटचा ओटा केलाय, शेगडी भिंतीला चिकटलीया! "मग टाकीभवती फिरवा की!" वढली गॅसची टाकी सैपाकघराच्या मधोमध, आन मी काखंत कोंबड्या धरून घालतोय प्रदक्षिणा! स्वप्नाली मोबाईलवर शूटिंग करतीया, "आवं, जरा हसा की!"

बरं, नव्या कोंबड्या घरच्या जुन्या कोंबड्यांत सोडायची काय रीत आसती का न्हाई? मधी जाळी मारायची, थोडं दिस एकमेकींची तोंडं बघू द्यायची. मी जाळी आणली हुती वो! सासूबाईंनी ती कारल्याच्या वेलाला बांधली. "तुमाला काय जाळीत ठिवलं हुतं का आमी? रुळलासाच की! सोडा!"

सोडल्या. सासूबाईंच्या कोंबड्यांत एक म्हातारी हाय, राणी. एका डोळ्यानं आंधळी, पर दुसऱ्यात दोन्ही डोळ्यांचं इख! आली, मान वाकडी केली आन बघितलं... लग्नात सासूबाईंनी माझ्या बुटाकडं बघितलं हुतं, आगदी तसं. आन टाच्च! तुऱ्यातनं रगत आलं. कोंबडीला रगत दिसायचा अवकाश, समद्या त्याच जागी टोचत्यात. पयली दुपारपतुर संपली. "अशक्तच हुती ती," सासूबाई म्हणाल्या, "बाकीच्या रुळत्याल." दुसरी भिऊन उडाली ती थेट हिरीत. "बघा! टाकीभवती नीट फिरवली न्हाईसा!" मंजी कोंबडी हिरीत, आन चूक माझी!

ऱ्हायली तिसरी. डोक्यावर, मानंवर एक पीस न्हाई. नावच पडलं बोडकी. मी रोज हळद लावायचो. समद्या खाऊन गेल्या की बिचारी माझ्या पायापाशी यायची, मान खाली घालून कण्या टिपायची. आन मी कवा जेवतो? समदी उठल्यावर! मी पायरीवर, ती पायरीखाली. हसताय? हसा, हसा! पर गाडीवरनं उतरलो की पळत यायची वो. ह्या घरात मला बघून पळत येणारी ती एकटीच. लय जीव जडला हुता माझा.

आन एक दिस काय, बोडकीनं अंडं घातलं! रातच्याला बघतो तर खुराड्यात राणीच्या शेजारी बसलीया. राणी गप! "बघा," सासूबाई म्हणाल्या, "मी म्हणलं न्हवतं? रुळली!" मला तर पेढं वाटावंसं वाटलं.

त्याच आयतवारी धाकटा जावई आला. इंद्रजित, मेहुणीचा नवरा. पुण्यास्नं आला, ही एवढी गाडी घिऊन. आता जावई आला मंजी कोंबडी कापायला पायजे! मी आलो तर कुणी कापत न्हाई, मी कुठनं येणार, मी हितंच आसतो. मी सासूबाईंना म्हणलं, "मामी, राणी कापा की, म्हातारी झालीया."

"राणी? आवं, ती घरातली हाय!"

"आन माझी?"

"रुळलीया की आता. रुळलेली धरायला सोपी. तुमीच हाक मारा, तुमच्याकडं येती."

आन मी मारली हाक. काय करणार? सासूबाई बघत हुत्या, सासरे बघत हुते, इंद्रजित घड्याळ बघत हुता. मारली हाक... आन आली वो पळत!

पिसं काढायला येळच लागला न्हाई. राणीनं आधीच काढून ठिवली हुती.

जेवायला बसलो. आज पावणा आलाय मनून मला बी पंगतीत घेतलं. तंगड्या इंद्रजितला, काळीज सासऱ्यांना, आन माझ्या ताटात पडली... मान. माझ्याच्यानं घास उचलंना. "खावा की," सासूबाई म्हणाल्या, "मन लय हळवं हाय तुमचं!" समद्यांचं डोळं माझ्या ताटावर. मग मी बी मान खाली घातली आन रस्सा वरपला. लय भारी झाला हुता, खोटं कशाला बोलू?

सासूबाईंनी अजून एक पळी वाढली आन इंद्रजितला कौतुकानं म्हणाल्या, "पयल्यांदा लय तरास दिला वो ह्यांनी. आता बघा कसं रुळल्यात!"