पुढच्या दारानं

माहं नाव दौलत. गाव वर्ध्याकडचं, अन् आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाले. शाळा म्हणाल तं दुसरी, तेही पुरी नाही. मंग बापाच्या मागं नागपूरले आलो, बाप गवंड्याच्या हाताखाली होता तं मीही घमेलं उचललं, मंग थापी आली हातात, मंग ओळंबा आला, अन् मंग लोक मले मिस्त्री म्हणाले लागले. तुम्ही माही गोष्ट लिहाले आल्या ना ताई, तं लिहून घ्या, मिस्त्री. मजूर नाही.

आता काय सांगू तुम्हाले, घर बांधणाऱ्याची एक गंमत असते. जोवर बांधून राहिलो तोवर घर आपलं. त्यायच्या देवघराच्या जागेवर बसून भाकर खाल्ली, त्यायच्या पलंगाच्या जागेवर दुपारचं आडवं झालो, कोणी हटकत नाही. पण चौकटीले तोरण लागलं की त्या दिवसापासून पुढचं दार आम्हाले बंद. जेवाले बोलावत, नाही असं नाही, पण मागच्या अंगणात, अन् आपली पत्रावळ आपण उचलायची. एका घरची मालकीण म्हणाली, मिस्त्री, मोरी तुंबली, पाहून जा, पण बाजूच्या बोळातून या. अन् ते पुढचं दार मी बसवलं होतं, याच हातानं. आमच्या हातचा दगड चाले, आमचा पाय चालेना. तवा मी बोळातूनच गेलो. पोरीले मात्र सांगत राहिलो, सुजाता, शीक, अन् जिथं जाशील तिथं पुढून जा.

पोट्टी शिकली. कॉम्प्युटरच्या नोकरीवर इकडं साता समुद्रापार आली, लग्न झालं, पहिले वेस्ट विंडसर गावात अपार्टमेंटमध्ये राहत होते, मंग हे घर घेतलं. तिची आई गेली तवा मले म्हणे, बाबा, आता तुम्ही एकटे राहू नका. मी आलो. विमानात पाय सुजले, ते जाऊ द्या.

जावई एअरपोर्टवरून घेऊन आला अन् गाडी घरापुढं वळली, अन् मी म्हटलं, थांबव. उतरून पाहातच राहिलो. इंग्लंडहून आलेल्या कोण्या शेतकऱ्यानं बांधलेलं घर, आपल्याकडं रेल्वे आली त्याच्याही आधीचं. पुढची भिंत सगळी घडीव दगडाची, तांबूस-करडा दगड, थर कसे ओळीत, कोनाले मोठमोठे दगड आलटूनपालटून बसवलेले. अन् बाजूले जाऊन पाहा तं नुसता ओबडधोबड दगड अन् चुना. पुढं पावडर, मागं घामोळ्या. मले हसू आलं, म्हटलं, मालक सगळीकडचे सारखेच. भिंत इतकी जाड की खिडकीच्या कोनाड्यात माणूस मांडी घालून बसंल. उजव्या हाताले ठेंगणं स्वयंपाकघर जोडलेलं, त्याचे दगड आणखीनच लहान, उरलेसुरले लावल्यासारखे. अन् मोठ्या भिंतीच्या मधोमध दार, जाड फळ्यांचं, लांब लोखंडी पट्ट्यांचं. मले वाटलं, माह्या पोरीचं दार.

तं सुजाता कुठून आली? स्वयंपाकघराच्या बाजूनं. म्हणे, बाबा, इकडून या, ते दार उघडत नाही. मी म्हटलं, काहून? म्हणे, आधीच्या लोकायनं रंग मारून मारून जाम झालं आहे, अन् आतून आम्ही सोफा लावला, इथं सगळे गाडी लावतात अन् साइडच्या दारानंच जातात, काय फरक पडते? काय फरक पडते म्हणे. मी पायरीवर बसलो. म्हटलं, मी बाजूच्या दारानं येणार नाही.

झालं. जावई म्हणे, मामाजी, थंडी आहे. म्हटलं, असू दे. सोफा सरकवला, सुरीनं रंग कापला, दोघांनी खांदा लावला, दार हलेना. मी म्हटलं, रंधा आणा, खालून तासतो. सुजाता म्हणे, बाबा, जुनं घर आहे, पुढचं तोंड बदलाचं तं टाउनशिपले, म्हणजे इथल्या नगरपालिकेले, विचारावं लागते. तिच्या डोळ्यात पाणी आलं होतं, पण ते रागाचं. म्हणे, इतक्या दुरून बाप आला अन् तमाशा करून राहिला. मंग मी काय केलं माहीत आहे? पुढची खिडकी उघडली, कोनाड्यावर बसलो, अन् पाय आत फिरवले. नात माही, रिया, हसून हसून लोळली. म्हणे, आबा, यू आर क्रेझी!

तं मी तसाच जायचो-यायचो. गुडघा कुरकुरायचा, पण जायचो. सुजाता बोलत नव्हती माह्याशी. ताट वाढायची, बोलत नव्हती.

एक दिवस दुपारी फिरून आलो, एक पाय खिडकीत, एक बाहेर, अन् मागून कोणी ओरडलं. शेजारची म्हातारी गोरी बाई, हातात फोन. मले काय समजते ती काय म्हणते? मी आपलं हसलो. रिया धावत बाहेर गेली, ही इज माय ग्रँडपा, ही इज माय ग्रँडपा. तवा त्या बाईनं फोन खाली केला. सुजाता आतून आली तं चेहरा पांढराफटक. ती बाई गेल्यावर माह्या अंगावर आली. बाबा, इथं लोक पोलीस बोलावतात, तुमच्याकडं पाहून त्यायले काय वाटते तुम्हाले माहीत नाही, तुम्हाले काही झालं असतं तं मी काय केलं असतं? एका दारासाठी? अन् रडली. मी तिले पाणी आणून दिलं. पण साइडच्या दारानं गेलो असं समजू नका.

दुसऱ्या दिवशी ती म्हातारी केक घेऊन आली. ओशाळली होती बिचारी. तिले या भागातल्या जुन्या घरायची सगळी माहिती. सुजातानं, काही बोलाचं म्हणून, दाराची गोष्ट सांगितली, हसत हसत, की माहे वडील साइडनं येत नाहीत. म्हातारी हसली नाही. तिचं बोलणं रिया मले मराठीत सांगत होती. म्हणे, ते साइडचं दार घरच्या लोकायसाठी नव्हतंच. या शेतकऱ्याकडं गुलाम होते, काळे. ते स्वयंपाकघराच्या दारानं यायचे अन् त्याच्याच वरच्या खोलीत झोपायचे. ती खोली मी पाहिली होती. चुलीच्या बाजूनं अरुंद जिना, वर ताठ उभं राहता येत नाही, अन् त्या खोलीतून मोठ्या घरात जायले दारच नाही. मी आल्या आल्या ती भिंत ठोकून पाहिली होती, म्हटलं इथं दार काहून नाही ठेवलं? गवंडी विसरला का? गवंडी विसरत नाही जी. त्याले सांगितलेलं असते.

सुजाता उठली, अन् वर गेली. त्या खोलीत ती सुटकेसा ठेवते. खूप वेळानं खाली आली. फोन घेतला अन् लोकायले विचाराले लागली, जुनी दारं कोण दुरुस्त करते.

एक सुतार आला. दार बदलायचं नाही, नुसतं दुरुस्त करायचं, मंग परवानगी कायची? त्यानं रंध्याले हातही लावला नाही. उंबऱ्याखालची माती कोरली, बिजागऱ्यातला रंग काढला अन् अख्खं दार वर उचलून बाहेर घेतलं. मी म्हटलं, मी हेच सांगत होतो. जावई म्हणे, मामाजी, तुम्ही रंधा मागत होते. म्हटलं, गप्प बस.

दार पुन्हा लावलं, तवा सुजातानं साडी नेसली होती. घरात मूर्तीपुढं मेणबत्ती लावली, बाहेर आली, म्हणे, बाबा, चला. अन् माहा हात धरला. मी गेलो आत. खरं सांगू? मले वाटलं होतं काही होईल. काही झालं नाही. समोर तोच सोफा, तोच टीव्ही. पण पोट्टीनं हात सोडला नाही, तशीच उभी राहिली. मंग म्हणे, बाबा, आता जेवाले बसा.

आता एकच राहिलं सांगायचं. साफसफाईले एक बाई येते, रोसा. ती साइडनंच यायची. मी म्हटलं, हे चालणार नाही. पुढच्या दारात उभा राहून तिले बोलावलं, इकडून ये. बिचारी व्हॅक्यूम ओढत अख्ख्या घराले वळसा घालून आली, पायऱ्या चढली, दमली. तिच्या भाषेत काय काय बोलली. रियाले शाळेत ती भाषा शिकवतात, तिनं सांगितलं, आबा, ती म्हणते थँक यू, पण गाडी तिकडं असते, सामान जड असते, तिले तिकडून जवळ पडते. मी म्हटलं, तिले सांग त्या दारानं कोण यायचं. रियानं सांगितलं. रोसानं ऐकून घेतलं, मान हलवली, अन् पुढच्या वेळी पुन्हा साइडनंच आली. मले राग आला. रिया म्हणे, आबा, इट्स हर चॉइस. चॉइस म्हणजे काय ते मले समजते. आम्हाले कोणी विचारलं नव्हतं, की मिस्त्री, तुम्हाले कोणतं दार जवळ पडते. मंग आता मीच रोसाले न विचारता सांगू का?

म्हणून आता दोन्ही दारं उघडी. हिवाळ्यात सुजाता ओरडते, बाबा, हीटिंग चालू आहे. ओरडू दे. तिचं घर आहे, सुखी राहो. चला, तुमचा चहा झाला. तुमची गाडी साइडलाच लागली आहे ना? तं जा तिकडूनच, कायले वळसा घालता. मी पुढून येतो तुम्हाले पोचवाले.