प्रार्थनेच्या यादीतले किलो

दवाखान्यातली नर्स वजनकाट्यावरचा आकडा नेहमी डॉक्टरांच्या टेबलापर्यंत ओरडून सांगायची. त्या सकाळी काट्याजवळच्या बाकावर नणंद-भावजयीची जुंपली होती.

"वहिनी, मी मायेपोटीच तुमचं नाव प्रार्थनेच्या यादीत दिलं."

"नाव दिलंस ते दिलंस, किलो कशाला दिलेस? पाळकांनी भर चर्चमध्ये वाचलं, चौऱ्याण्णव!"

"देवाला नेमकं सांगावं लागतं."

"देवाला ठाऊकच होतं गं! ठाऊक नव्हतं ते शेजारच्या बाकाला. आता प्रभुभोजनाच्या भाकरीचा तुकडा घेतानाही लोक माझ्या तोंडाकडे बघतात."

"वजन उतरत नाही, असं तुम्हीच म्हणालात."

"तुझ्या कानात म्हणाले होते, माइकवर नाही! आणि ते कशासाठी उतरवायचंय, विचारलंस कधी? चार वर्षं झाली, मला गुडघे टेकता येत नाहीत. प्रार्थनेला सगळे गुडघ्यांवर, आणि मी एकटी खांबासारखी उभी! ते नाही सुचलं यादीत घालायला?"



नर्सनं वहिनीला काट्यावर उभं केलं. ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. आकडा चिठ्ठीवर लिहून तिनं चिठ्ठीची घडी घातली.

"किती भरलं हो?" नणंद मान उंचावत पुढे आली.

"तुम्ही बसा जागेवर!" नर्स ओरडली.