शाल-नारळ

(कर्जत, १९७४. मुलींच्या वसतिगृहाच्या अध्यक्षांची ओटी. कडावची गौराबाई उभीच आहे. तिचा दीर येसाजी कामावरून परस्पर आलेला, दाराशी.)

गौराबाई : तुमाला ठावं व्हतं, साहेब. ठावं असून त्या अधीक्षकाच्या खांद्यावर शाल घातलीत.

अध्यक्ष : गौराबाई, आधी बसा. पाणी घ्या.

गौराबाई : नको तुमचं पाणी.

येसाजी : वहिनी, आवाज खाली. रस्त्यानं माणसं जातायत.

गौराबाई : ऐकू दे की त्यांना.

अध्यक्ष : हे पाहा, स्वयंपाकाच्या गोदाबाईनं तुमच्या हिरूचं सांगितलं, त्याच आठवड्यात आम्ही त्यांना हलवलं. आणखी काय करायला हवं होतं?

गौराबाई : हलवलंत, निरोपसमारंभ करून! पोरींच्या आयांना बोलावलंत, गुरुजींना ओवाळा म्हणालात. मी ओवाळलं. हिरू पाया पडायची नाय, मागं मागं सरायची. मला वाटलं, पोर शेफारली. मान धरून वाकवली तिला त्याच्या पायावर. काय झालं व्हतं ते पोर मला मागनं बोलली. तुमी तर तवाच जाणून व्हता. खुर्चीत बसून बघितलंत.

अध्यक्ष : चारचौघांत सांगणं बरं दिसलं नसतं. मुलीचं लग्न व्हायचंय. आम्ही तिचंच नाव झाकलं.

गौराबाई : तिचं झाका की. त्याचं कशापायी झाकलंत?

येसाजी : साहेबांचं काय खोटं हाय, वहिनी? माणूस गेला ना हितनं? पोरीला आता राहू दे सुखानं.

गौराबाई : कुठं गेला, इचारलंत भावजी?

येसाजी : गेला आसंल घाटावर, त्याच्या गावाला.

गौराबाई : आज कशेळ्याच्या बाजारात दिसला. वांग्यांचा भाव करीत व्हता. मागं पोरी, पिशव्या घेऊन. तिथल्या वसतिगृहावर अधीक्षक हाय आता.

येसाजी : कशेळ्याच्या? आमची पारू तिथं हाय गं.

गौराबाई : एक पिशवी पारूच्याच हातात व्हती.

येसाजी : साहेब... तुमीच म्हणालात ना, पोर तिथं ठेव, सोय चांगली हाय म्हणून?

अध्यक्ष : येसाजी, त्यांच्याकडून शब्द घेतलाय मी. पुन्हा असं होणार नाही.

येसाजी : वहिनी, पारू कुठाय?

गौराबाई : घरी. हाताला धरून एसटीत घातली. हिरू तिचे केस विंचरत बसलीय. नुसती विंचरतेय.

अध्यक्ष : चला, मुलगी सुखरूप आहे. मग हे आता इथंच...

गौराबाई : बाकीच्या तिथंच राह्यल्या, साहेब. एक तर एवढीशी. मला म्हणते, "मावशी, मला पण न्या." म्या इचारलं, "तुझी आय कुठली गं?" डोंगरातल्या कुठल्या वाडीचं नाव घेत व्हती, तवर त्यानं हाक मारली. पिशवी उचलून गेली त्याच्या मागं.

येसाजी : ह्योच का तुमचा शब्द, साहेब?

गौराबाई : तिच्या आयला तुमी सांगता, का मी सांगू?