श्यामकांतची माती

नाही नाही, रोटाव्हेटर नको – विनय, तेवढं एक ऐक माझं. बागेतला हा भाड्याचा प्लॉट तुलाच द्यायचाय, बागेच्या संस्थेला तसं कळवलंय मी, पण ही माती उलटीपालटी करू नकोस. काय, हे? तण नव्हे रे, क्लोव्हर आहे, मातीला खत म्हणून मुद्दाम पेरलेला. आम्ही भारतातून इथे नेदरलँड्समध्ये, आल्मेरेत राहायला आलो ना, तेव्हा इथे वर्षानुवर्षं नुसता बटाटा घेतलेला, वरून जड यंत्रं फिरलेली – पाऊस पडला की तळं, ऊन पडलं की फरशी. कुदळ मारली तर मनगटात झिणझिण्या यायच्या. आणि श्यामकांत – माझा नवरा, अ‍ॅमस्टरडॅमला आयटीत, कुंडीतली तुळससुद्धा कधी न जगवलेला माणूस – तो म्हणाला, आधी ही माती उघडी ठेवणं बंद करू. मग राय पेरली, गव्हासारखं धान्य असतं ते, क्लोव्हर पेरला, कापून तिथेच पसरला. रस्त्याकडेची गळलेली पानं सायकलच्या ट्रेलरमधून आणायचा. खणायचं नाही, मुळं खणतात, म्हणायचा. मला काही पटत नव्हतं, पण एका वसंतात त्याने हात घातला तर मनगटापर्यंत आत गेला – आणि गांडुळं! वेड्यासारखा हसत होता.

मग? मग तो विसरायला लागला. आधी सायकल कुठे लावली ते, मग स्टेशनवरून घरी यायचा रस्ता. साठीसुद्धा नव्हती आली रे. आता केअर होममध्ये असतो.

नाही, एकटीला झेपत नाही असं संस्थेला सांगितलंय मी, पण झेपतं तसं. गेल्या रविवारी त्याला इथे आणलं होतं – वाटलं, मला नाही तर नाही, माती तरी ओळखेल. गुडघ्यांवर बसला, मूठभर माती घेतली, हुंगली. चेहरा असा उजळला की मी श्वास रोखून उभी. म्हणाला, "फार निगुतीनं केलंय हो कुणीतरी." मी म्हटलं, तूच केलंयस, श्याम. तर संकोचून हात मागे घेतला – जन्मभर मला 'अगं' म्हणणारा माणूस – आणि म्हणाला, "तुमची आहे का जमीन? मी हात लावला तर चालेल ना?"

चालेल, म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पाण्याचा नळ त्या कुंपणापाशी आहे. नाही, घरापर्यंत सोडायला नको मला, मी बसते जरा इथे. तू नीघ – नीघ म्हटलं ना, विनय.