घेवड्याचा खुराक

सून : बाबा, शेवटचं विचारते. त्या घेवड्याच्या कुंडीत तुम्ही पाण्याशिवाय काय घालता?

सासरे : माया.

सून : माया तीन महिने लॅबच्या बशीत घालून पाहिली. मेले सगळे.

सासरे : अरेरे. कोण गं?

सून : तुमच्या घेवड्याच्या मुळांवरचे जीवाणू. आजवर कुणी न पाहिलेले. गच्चीवर बारा कुंड्या आहेत, पण हे राहतात फक्त त्या एका कुंडीत. बशीत काहीही वाढा, शिवत नाहीत. सोमवारपर्यंत वाढवून दाखवले नाहीत, तर शोध विसरा म्हणालेत साहेब.

सासरे : जीव केवढा, नखरे केवढे.

सून : बाबा.

सासरे : हळू बोल. तुझी सासू आत आहे.

सून : म्हणजे आहे काहीतरी.

सासरे : तू हे छापणार?

सून : छापावंच लागतं.

सासरे : मग मेलो मी. ऐक. माझ्या गुडघ्यांसाठी ती रोज सकाळी काढा देते ना? उन्हात बसून पितो म्हणतो, झाकलेला पेला घेऊन दोन जिने चढतो आणि...

सून : घेवड्याला पाजता.

सासरे : चार वर्षं. झाकण काढलं की नाक दाबून ओततो. आणि ती गावभर सांगते, माझ्या काढ्यानं यांचे गुडघे सुटले. सांगताना चेहरा असा फुलतो तिचा, की खरं बोलायचा धीरच झाला नाही.

सून : पण काढ्यात काय काय असतं, ते आईंना विचारावंच लागेल.

सासरे : विचार. मी परगावी गेलोय म्हणून सांग.

(सासूबाई हात पुसत दारात येतात.)

सासू : तांदळाचं धुवण आणि उरलेला चहा. लिहून घे.

सासरे : काय?

सासू : खरा काढा आठच दिवस केला. नवव्या दिवशी गच्चीवर गेले, तर कुंडीला काढ्याचा वास.

सासरे : आणि मी चार वर्षं चोरासारखा...

सासू : डॉक्टरांनी रोज दोन जिने चढायला सांगितलं होतं. सरळ सांगून चढला असतात?

सून : आई, धुवण किती, चहा किती?

सासू : अर्धं अर्धं. साखर नाही, यांना मना आहे.

सासरे : रोज हसत असशील मला.

सासू : रोज.

सासरे : मग आता?

सासू : आता काय? पेला ओट्यावर आहे. झाकून न्या, जिन्यात सांडतं.